तपासणीला बोलावलं कुणी?

श्रोते हो, नमस्कार. कामाला बसावं, कॉम्प्युटरचं बटण दाबावं, आणि विंडोज उघडायच्या ऐवजी तपासणीचा पडदा समोर यावा. मेमरी तपासतोय, पंखा तपासतोय, डिस्क तपासतोय. बंद करून पुन्हा चालू केला, तरी तेच. ज्यांना याचा त्रास झालाय त्यांना माहीत आहे, दोन दिवसांत माणूस रडकुंडीला येतो. आज त्याबद्दलच बोलू.

चालू होताना प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःला थोडंफार तपासतोच. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्येही ही तपासणी होती. सगळं ठीक असलं की एक छोटा 'बीप' वाजायचा आणि मशीन पुढे जायचं. मी म्हणतोय ती सविस्तर तपासणी वेगळी. ती आपण होऊन येत नाही, तिला कुणीतरी बोलावलेलं असतं. हे लक्षात ठेवा: बोलावलेलं असतं. एक तर ठरावीक कळ दाबली गेलेली असते, नाही तर मशीनला सुरू होण्यासाठी डिस्कच सापडलेली नसते. बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक असतं.

माझ्या मावशीचं सांगतो. मावशी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. आधी कागदावर पेन्सिलीने, मग स्कॅन करून लॅपटॉपवर रंग. तिचा लॅपटॉप एकदम हट्टाला पेटला. रोज सकाळी तपासणी. मेमरी पास, डिस्क पास, बॅटरी पास, सगळीकडे हिरव्या खुणा. एका ओळखीच्याने डिस्क बदलायला सांगितली, दुसऱ्याने सांगितलं, फॉरमॅट मारा. हे 'फॉरमॅट मारा' ऐकलं की मला राग येतो. कुणाची कित्येक महिन्यांची मेहनत त्या डिस्कवर असते, आणि दुखणं न बघताच ती पुसायला निघायचं? शिवाय ही तपासणी विंडोजच्या आधी सुरू होते. विंडोज नव्याने टाकून अडकलेली कळ सुटणार आहे का?

तर मावशीचा फोन आला. म्हणाली, "अरे, तोच म्हणतोय सगळं ठीक आहे, मग रोज परीक्षा कशाला घेतोय?"

मी विचारलं, "तपासणीतून बाहेर पडलीस की विंडोज येतं का?"

"येतं की. चित्रंही उघडतात."

म्हणजे डिस्क सापडत होती, मशीन त्यावरून सुरूही होत होतं. मग तपासणीला बोलावलं कुणी? मी म्हटलं, "मावशी, आणखी काही विचित्र होतंय का? अगदी बारीकसं?"

ती जरा थांबली. "फाईलवर एकदा क्लिक केलं ना, की कधी कधी तिचं नाव निळं होतं. नाव बदलायचंय का, असं विचारल्यासारखं."

मला तिथेच उत्तर मिळालं. विंडोजमध्ये फाईलचं नाव बदलायची कळ म्हणजे एफ-टू. आणि तिच्या लॅपटॉपवर चालू होताना तपासणीला बोलावणारी कळही एफ-टूच!

गेलो. कीबोर्ड दिसायला चांगला स्वच्छ होता. पण बोट फिरवलं तर बाकीच्या कळा टक करून वर येत होत्या, आणि ही एकच मऊ लागत होती, दाबली की वर यायला रेंगाळत होती. टॉर्च आडवा धरला. कळेच्या कडेखाली करड्या रंगाच्या बारीक वळकट्या दिसल्या. खोडरबराचा भुगा! मावशी लॅपटॉपशेजारीच कागद ठेवून चित्र काढते, खोडते आणि हाताने भुगा झटकते. तो नेमका तिकडे जात होता.

लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, मशीन तिरकं धरलं आणि मावशीच्याच एका कोरड्या मऊ कुंचल्याने कडेकडेने भुगा बाहेर काढला. तोंडाने फुंकर मारू नका, ओलावा आत जातो. कळ दाबून पाहिली, टक करून वर आली. मशीन चालू केलं, थेट विंडोज. मावशी म्हणाली, "पुन्हा एकदा कर बघू." पुन्हा थेट विंडोज. आणि एक सांगू? मी तिला कागद सोडायला मुळीच सांगितलं नाही. पेन्सिलीच्या रेघेत जो हात दिसतो तो मला पडद्यावर अजून दिसलेला नाही. फक्त चित्र काढताना लॅपटॉप मिटून ठेव, एवढंच म्हणालो.

तर आधी कळा बघा. एफ-टू, एफ-ट्वेल्व्ह, एफएन, कंपनीनुसार कळ बदलते, मॅकमध्ये डी. बाहेरचा कीबोर्ड, पेनड्राइव्ह, सगळं काढून मशीन चालू करा.

तपासणीतून बाहेर पडूनही विंडोज येत नसेल, तर दुसरी वाट. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का, आणि सुरू होण्याच्या क्रमात ती आहे का, ते पाहा. घड्याळ दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली असेल. बऱ्याच मशीनमध्ये ती सीआर-२०३२ असते, ३ व्होल्टची. ती संपली की जपून ठेवलेल्या सेटिंग पुसल्या जाऊ शकतात. डेस्कटॉप असेल, तर वीज काढून डिस्कची केबल नीट बसवा. आणि बायोसमध्ये काही बदलण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला जे कुलूप लावतं त्याची, ४८ आकडी रिकव्हरी की हाताशी ठेवा. पुन्हा सांगतो, ४८ आकडी. ती मागितली गेली आणि सापडली नाही, तर डिस्क चांगली असूनही फाईली हाती लागणार नाहीत.

तपासणीत डिस्क नापास झाली, तर पडद्यावरचा कोड कागदावर उतरवून घ्या. डेलच्या मशीनवर २०००-०१४२ आला, तर डिस्क स्वतःच्याच चाचणीत नापास झाली असं समजा. अशा वेळी लांबलचक तपासणी पुन्हा पुन्हा चालवू नका, दुखऱ्या डिस्कवर ताण येतो. आधी फाईली दुसरीकडे उतरवा, मग डिस्क बदला. आधी फाईली, मग डिस्क. नमस्कार.