टनरचं भोक नेमकं कुठं? क्लोरीन गळतीचं मॉडेल

नमस्कार मंडळी! वाळूज, शेंद्रा, लातूर... कमेंटमध्ये एकच मागणी, क्लोरीन गळतीचं मॉडेल 'अलोहा'त, म्हणजे विषारी ढग कुठवर पसरेल ते काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, करून दाखवा. घ्या.

सॉफ्टवेअर फुकट आहे. ठिकाण निवडा, क्लोरीन निवडा. रात्रीच्या हिशेबाला वारा सेकंदाला 1.5 मीटर, हवेची स्थिरता 'एफ', म्हणजे अगदी स्थिर हवा, ढग विरत नाही. झालं, पुढं.

आता टाकीचं पान. पाणीपुरवठ्याच्या शेडमध्ये असतो तो 900 किलो क्लोरीनचा टनर, म्हणजे लोखंडी नळकांडी टाकी, आडवी ठेवलेली. इथं प्रश्न येतो: भोक तळापासून किती उंचीवर? आणि लोक मनाला येईल तो आकडा ठोकून देतात! अहो, भरलेल्या टनरमध्ये 80 टक्क्यांच्या आसपास द्रव असतो. मधोमध भोक म्हणजे द्रवच बाहेर येणार.

प्रत्यक्षात बघा. टनरला दोन व्हॉल्व्ह. ते एकावर एक आले की वरचा वायू देतो, खालचा द्रव. म्हणून तर खालून गळायला लागलं की टनर फिरवून गळती वर आणतात. पाणी मात्र मारायचं नाही. आम्ल तयार होऊन भोक आणखी खातं.

एकानं लिहिलंय, "सर, माल 900 किलोच ना, वरून जावो की खालून!" नाही हो. वायू निघताना आतला द्रव थंड होतो, दाब उतरतो, गळती मंदावते. द्रव मात्र दाबानं ढकलला जातो, तेवढ्याच भोकातून कैक पट माल बाहेर, आणि बाहेर पडताच काही भाग उकळतो, बाकीचे बारीक थेंब ढगासोबत जातात. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, ढग जमिनीलगत सरपटतो. त्यात आपला मे महिना! 20 अंशाला टनरमधला दाब साडेपाच बारच्या पुढं, 40 ला दहाच्या आसपास. तापमानाच्या रकान्यात 25 ठेवू नका.

आणखी एक खोड: टेप लावून बाहेरची लांबी भरणं. टनरची टोकं आत दबलेली असतात, त्यामुळं आकारमान फुगतं, द्रवाची पातळी खाली दिसते आणि उंचीचा हिशेब पुन्हा चुकतो. टनरवर कोरलेली पाणी-क्षमता, म्हणजे आत किती पाणी मावतं तो आकडा, भरा.

निकालात 'टू-फेज फ्लो' (वायू आणि थेंब एकत्र) दिसलं की द्रव सुटलाय समजा. नकाशावरचे धोक्याचे पट्टे, तासाभराच्या संपर्कासाठी: लाल म्हणजे जिवाला धोका, 20 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 20 भाग क्लोरीन), नारिंगी म्हणजे गंभीर इजा, 2. भोक द्रवाच्या वर आणि द्रवाच्या खाली, अशा दोन्ही उंचींनी मॉडेल चालवा, आणि आपत्कालीन आराखड्याला मोठा पट्टा लावा.