आधी गिऱ्हाईक, मग गिरणी

नमस्कार श्रोतेहो.

घरगुती व्यवसाय काढायचा म्हटलं की बहुतेक घरांत पहिली चौकशी यंत्राची होते. भाजणीचंच घ्या. ‘आमची भाजणी सगळे नावाजतात, विकायला काढू’ एवढं ठरतं आणि आठवड्यात चक्कीचं कोटेशन घरात येतं. कल्पना मात्र अजून तयार झालेलीच नसते. भाजणी हा पदार्थ झाला. ती कोण घेणार, तो आज काय घेतोय, ते सोडून आपल्याकडे का येईल आणि त्या भावात आपल्या हातात काय उरेल, याची उत्तरं सापडली की मग त्याला व्यवसायाची कल्पना म्हणायचं. ही उत्तरं चार-पाच हजार रुपयांत मिळतात. चक्की घेतल्यावर ती शोधायला निघालात तर हप्ते आधीच सुरू झालेले असतात.

सुरुवात चौकशीपासून करा. नातेवाईक आणि मैत्रिणी सोडून वीस-पंचवीस घरांशी बोला. ‘आम्ही भाजणी काढली तर घ्याल का?’ असं मात्र विचारू नका. भिडेखातर सगळे हो म्हणतात. झालेल्या गोष्टींबद्दल विचारा. घरात थालीपीठ शेवटचं कधी केलं? भाजणी कुठून आणली, केवढ्याला? अर्धी उरली तिचं काय झालं? उत्तरं त्याच दिवशी वहीत लिहा, शक्यतो समोरच्याच्या शब्दांत.

अशा बोलण्यात कल्पना आपसूक वळण घेते. थालीपिठाची भाजणी आधीच मिळते, तीत तक्रार नाही, असं दहा घरांत ऐकलंत आणि त्याच घरांत ‘चकल्या करणं सोडलं, कधी तुटतात, कधी तेलात विरघळतात’ हे कानावर आलं, तर तिथे थांबा. खरी गरज त्या दुसऱ्या वाक्यात आहे. मोहन कमी पडलं की चकली कडक होते, जास्त झालं की तेलात विरते. म्हणजे चकलीची भाजणी आणि पाकिटामागे मोहन-पाण्याचं नेमकं माप, असा माल निघू शकतो. ते माप तुमच्या भाजणीवर पाच-सहा वेळा करून बघितलेलं हवं, इकडून तिकडून उतरवलेलं नको.

आता पैशांचा हिशोब. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश बघू. उदाहरणाला थालीपिठाचीच भाजणी घेऊ, 10 किलोचा घाणा. भाव धरलेले आहेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला. ज्वारी 3 किलो, बाजरी 2, तांदूळ दीड, गहू 1, हरभराडाळ सव्वा किलो, उडीद पाऊण किलो, धने 400 ग्रॅम, जिरे 100 ग्रॅम. हे सगळं 640 रुपयांना आलं असं धरू. गॅस 60, दळणावळ 100, वाटखर्च 100. भाजताना आणि चाळताना घट येते. साडेनऊ किलो माल हाती आला तर अर्ध्या किलोची 19 पाकिटं होतात. पिशवी आणि लेबल मिळून पाकिटाला 5 रुपये, म्हणजे 95. आतापर्यंत 995 झाले.

किराणा दुकानात 100 रुपये एमआरपी ठेवली आणि दुकानदाराने 20 टक्के घेतले, तर पाकिटामागे 80 मिळतात. 19 पाकिटांचे 1520. वरवर 525 रुपये नफा दिसतो. पण निवडणं, भाजणं, चाळणं, भरणं यात सहा तास गेले. तासाला 60 रुपये धरले तरी मजुरी 360. खर्च झाला 1355. उरले 165. त्यातलं एक पाकीट दुकानदाराला नमुना म्हणून दिलं आणि एक परत आलं, तर 17 पाकिटांचे 1360 येतात. शिल्लक पाच रुपये! स्वतःची मजुरी न धरल्यामुळे कित्येक घरं वर्षभर राबतात आणि पैसा कुठे गेला ते कळत नाही. वहीत मजुरीचा रकाना पहिल्या दिवसापासून हवा, घरचंच माणूस काम करत असलं तरी.

हाच माल सोसायटीत किंवा आठवडी बाजारात थेट 100 रुपयांना गेला, तर 19 पाकिटांवर 545 उरतात. म्हणजे कुठे विकायचं हासुद्धा कल्पनेचाच भाग आहे. दुकानदाराशी बोलताना टक्केवारीबरोबर दोन गोष्टी विचारा: पैसे किती दिवसांनी देणार आणि न खपलेला माल परत कोणी घ्यायचा. महिन्याच्या उधारीवर आठवड्याला चार घाणे काढलेत, तर पहिली वसुली येईपर्यंत 21 हजारांवर रक्कम अडकते. चांगली मागणी असलेले धंदेसुद्धा याच ठिकाणी दम तोडतात.

मग छोटे घाणे काढून बघा, दोन-तीन. प्रत्येक धान्य वेगळं भाजा, कारण ज्वारी भाजली जाईपर्यंत धने करपतात आणि सगळी भाजणी कडवट होते. धान्य धुतलं असेल तर खडखडीत वाळू द्या. दळून आल्यावर पीठ परातीत पसरून पूर्ण गार करा. गरम पीठ पाकिटात भरलं की आत वाफ धरते, गुठळ्या होतात, पुढे बुरशी येते. गिरणीत आधी मिरची किंवा मसाला दळलेला नाही ना ते बघा आणि पहिलं अर्धा किलो पीठ बाजूला काढा. प्रत्येक घाण्यातली चार पाकिटं तारीख घालून ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक फोडून वास, चव आणि पोरकिडे बघा. पावसाळ्यातलं एखादं पाकीट नक्की असू द्या. टिकाऊपणाचा पहिला अंदाज त्यातूनच येतो, पक्की मुदत छापण्याआधी प्रयोगशाळेची तपासणी करा.

विक्री चाचणीपुरती असली तरी अन्न सुरक्षा नोंदणी आधी हवी. छोट्या उत्पादकाची ही नोंदणी ऑनलाइन होते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नाव नोंदवणं, सरकारी संकेतस्थळावर मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे मोजू नका. लेबलावर घटक पदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, एमआरपी, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्ह लागतं. भाजणीत गहू असेल तर तेही स्पष्ट लिहा.

पहिल्यांदा घेणाऱ्यांच्या संख्येवर जाऊ नका, कौतुकाने एकदा सगळेच घेतात. महिन्या-दीड महिन्यात, तुम्ही फोन न करता, किती जणांनी पुन्हा मागितलं ते मोजा. वीस गिऱ्हाइकांतली सात-आठ परत आली तर पुढे जायला हरकत नाही. एक-दोनच आली तर पाकीट बदलायच्या आधी त्या न आलेल्यांना भेटा.

लिज्जत पापडाची सुरुवात आठवा. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेतले, पहिल्या दिवशी चार पाकिटं केली आणि ती भुलेश्वरच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. माल चारच पाकिटं, पण घेणारा ठरलेला होता.

कर्ज आणि अनुदानाचा विषय यानंतरचा. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान ठरलं होतं. सध्याची स्थिती कृषी विभागाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. पण अनुदान कर्जाला जोडलेलं असतं आणि कर्ज मालाच्या विक्रीतूनच फिटतं. हाती भाजून मागणी पुरी होईना, ऑर्डरी परत पाठवाव्या लागल्या, की मग भट्टी आणि चक्कीची किंमत काढा.

चकलीच्या भाजणीचा विचार असेल तर चौकशी आषाढातच उरका आणि पहिले घाणे श्रावणात काढा. गणपतीत काही घरांत पाकिटं देऊन चकल्या करायला सांगा, जमलं तर स्वयंपाकघरात उभं राहून बघा. दसऱ्यापर्यंत माल दुकानात पोचला नाही तर दिवाळीची खरेदी हातची जाते.

नमस्कार.