रोज सकाळी येणारी माणसं

बंधुभगिनींनो, बायबलमधलं निर्गमाचं पुस्तक वाचताना आपण तांबड्या समुद्रापाशी रेंगाळतो, सीनाय पर्वतापाशी थांबतो आणि निवासमंडपाचे, म्हणजे देवाच्या उपासनेसाठी उभारलेल्या तंबूचे, अध्याय आले की पानं उलटतो. फळ्या, कड्या, पडदे, मापं. मला मात्र देवाची सेवा म्हणजे काय, ते याच अध्यायांनी शिकवलं.

हा मंडप उभारणारी इस्राएली माणसं कोण होती? मिसराचा राजा फारो याच्यासाठी पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधणारे वेठबिगार. पाचव्या अध्यायात फारो त्यांना विटांसाठी मिळणारं गवत बंद करतो आणि बजावतो की विटांचा आकडा मात्र कमी होता कामा नये. आकडा भरला नाही, तर इस्राएली नायकांना मार. काम म्हटलं की या लोकांना आठवणार ते एवढंच.

मिसरातून सुटलेल्या त्याच लोकांसमोर त्यांचा पुढारी मोशे उभा राहतो आणि म्हणतो, ज्याला मनापासून द्यावंसं वाटेल त्यानं परमेश्वरासाठी अर्पण आणावं. कोणी किती आणायचं, ते सांगत नाही. सगळे आपापल्या तंबूंकडे निघून जातात. मला ही जागा फार मोलाची वाटते. मोशे त्यांना जाऊ देतो, दारात माणूस उभा करत नाही. ते परत येतात ते आपण होऊन. कोणी नथी, कुंडलं, अंगठ्या आणतं, कोणी बाभळीचं लाकूड. बायका आपल्या हातांनी निळं, जांभळं, किरमिजी सूत कातून आणतात. सेवा करणाऱ्या स्त्रियांचे पितळी आरसे गंगाळासाठी वापरले गेले. मिसरातून निघताना हाती आलेलं सोनं ही या गुलामांची बहुधा पहिलीच पुंजी, तीच ते देत होते.

तीनच अध्याय मागे याच लोकांनी कानातलं सोनं वासराच्या मूर्तीसाठी काढून दिलं होतं. म्हणजे नुसता उत्साह पुरत नाही, तो चुकीच्या दारीही धावतो. मधे काय घडलं? मोशेनं रदबदली केली, देवानं क्षमा केली, आज्ञांच्या फुटलेल्या पाट्या पुन्हा लिहिल्या गेल्या. माझी समजूत अशी, की क्षमा मिळालेल्या माणसाचा हात आपोआप सैल होतो. त्याला ताकीद द्यावी लागत नाही.

ते रोज सकाळी आणतच राहिले. शेवटी कारागीर हातातलं काम टाकून मोशेकडे आले: लोक गरजेपेक्षा फार जास्त आणताहेत. मग छावणीभर दवंडी पिटावी लागली की आता कोणी काही आणू नये. फारोचा हुकूम होता, कमी नको. इथं सांगावं लागलं, पुरे करा.

सक्तीचं काहीच नव्हतं, असं मात्र नाही. वीस वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक पुरुषाला अर्धा शेकेल (शेकेल हे त्या काळचं वजन) चांदी द्यावीच लागे. श्रीमंतानं जास्त नाही, गरिबानं कमी नाही. 6,03,550 पुरुषांच्या त्या चांदीतून मंडपाच्या पायाच्या शंभर बैठका ओतल्या. सोनं मात्र स्वखुशीचं होतं: 29 किक्कार आणि 730 शेकेल, आजच्या मापानं साधारण एक टन. कर्तव्यानं पाया भरला, त्यावरचं सोनं मनातून आलं. म्हणून कर्तव्याला मी हलकं म्हणणार नाही.

मंडळीच्या पुढाऱ्यांना एक विनंती. त्या अध्यायांत सोन्याचं वजन आहे, बसालेल आणि अहलियाब या कारागिरांची नावं आहेत. कोणत्या घरानं किती दिलं, याची यादी नाही. आपण कापणीच्या सणाला आकडे वाचून दाखवतो, तेव्हा कोपऱ्यातली विधवा मान खाली घालते. हे थांबवा.

आणि तरुण मंडळी विचारतात, मन लागत नाही, तर गायनमंडळ सोडू का? सोडू नका. तुमचा अर्धा शेकेल देत राहा, आणि देवानं तुम्हाला कशातून सोडवलं ते रोज आठवा. तरीही महिनोन् महिने केवळ पाळकांच्या धाकानंच येत असाल, तर पाळकांशी मोकळेपणानं बोला. तुमच्यावर हजेरीचा आकडा लादण्याचा अधिकार त्यांनाही नाही.