पाच हजारांत पाचशे लिंक

(फोंडा येथे होमस्टे आणि कुळागर, म्हणजे सुपारी-मसाल्यांची बाग, चालवणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘पाच हजारांत पाचशे बॅकलिंक देतो, महिन्याभरात गुगलच्या पहिल्या पानावर आणतो’ असा फोन तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. पर्यटनाचा हंगाम तोंडावर आला की हे फोन जास्तच येतात. या सौद्याच्या वाटेला जाऊ नका. का, ते आज नीट समजून घेऊ.

दुसऱ्या वेबसाइटने आपल्या पानाची लिंक, म्हणजे बॅकलिंक, दिली की गुगल ती शिफारस धरतं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८मध्ये स्टॅनफर्डला असताना पेजरँक, म्हणजे पानांचं वजन ठरवण्याची पद्धत, मांडली, ती याच पायावर. नुसती डोकी मोजायची नाहीत, शिफारस करणाऱ्याचं वजनही पाहायचं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ओळखीच्या माणसाने ‘मिरी त्या मावशीकडून घे’ म्हटलं की आपण सरळ तिच्याकडे जातो. तेच वाक्य पैसे घेऊन दहा पोरं ओरडू लागली, तर आपण पिशवी घट्ट धरून पुढे सरकतो.

शिफारशीला मोल आलं, तसा तिचा धंदाही सुरू झाला. त्यावर एप्रिल २०१२मध्ये गुगलने आपल्या शोधयंत्रणेत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि विकतच्या लिंकांवर उभ्या असलेल्या साइट धडाधड खाली आल्या. २०१६पासून तो मूळ यंत्रणेतच मुरला आहे. आता अशा लिंका बहुतेक वेळा शून्य धरल्या जातात, म्हणजे तुमचे पाच हजार पाण्यात. प्रकार उघडउघड मुद्दाम केलेला दिसला, तर गुगलची माणसं स्वतः तपासून कारवाई करतात. तसं झालं तर सगळी घाण उपसून फेरविचाराचा अर्ज करावा लागतो, आणि ते काम एका दिवसाचं नसतं.

आपल्या अंत्रुज महालातल्याच, म्हणजे फोंड्याकडच्याच, एका कुळागराची साइट मला पाहायला मिळाली. साइटमालकांसाठी गुगलचं सर्च कन्सोल नावाचं साधन आहे, त्यात ‘लिंक्स’ उघडलं. लिंक देणाऱ्यांत परदेशी कसिनो, कर्ज देणारी पानं आणि औषधांची दुकानं, आणि जवळजवळ प्रत्येक लिंकवर शब्द तेच: ‘बेस्ट होमस्टे इन गोवा’. खरी माणसं अशी लिंक देत नाहीत. कोणी घराचं नाव लिहितं, कोणी ‘इथे पाहा’ म्हणतं, कोणी नाव चुकवतंही. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य आलं की ते पढवलेलं आहे, हे यंत्रालाही कळतं. मालक बिचारे सज्जन. हे काम देणाऱ्याने त्यांना ‘डोमेन ऑथॉरिटी’ नावाचा आकडा वाढल्याचा आलेख दाखवला होता. तो आकडा मॉझ या खासगी कंपनीचा अंदाज आहे, गुगल तो वापरत नाही. या एका आकड्यावर किती लोकांची फसवणूक होते, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

मग खरं वजन येतं कुठून? त्याच कुळागराच्या साइटवर ‘निसर्गरम्य परिसर, घरगुती जेवण’ एवढंच लिहिलं होतं. हे तर सगळेच लिहितात. पण जायफळाच्या झाडाखाली उभं राहून मालक जे सांगत होते, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. जायफळात नर आणि मादी झाडं वेगळी असतात. बी लावून केलेलं रोप नर निघेल की मादी, हे फुलायला लागेपर्यंत, म्हणजे कित्येक वर्षं, कळत नाही. म्हणून जाणते लोक कलमं लावतात. फळ उकललं की आतली जायपत्री लालभडक दिसते आणि वाळवल्यावर पिवळसर होते. हे फोटोंसकट एका पानावर लिहा. वनस्पतीशास्त्राचा विद्यार्थी, नवी लागवड करणारा बागायतदार, पाककृती लिहिणारी गृहिणी, कोणीही त्याची लिंक देईल, आणि ती कोणालाही विकत मिळणार नाही. पाटाचं पाणी, नारळ पाडणाऱ्या पाडेलींचं काम, तुमच्याकडे दिसणारे पक्षी, यांतलं तुम्हाला जे ठाऊक आहे ते मुंबईत बसून लिहिणाऱ्या एजन्सीला कुठून ठाऊक असणार?

वर्तमानपत्राने तुमच्यावर लिहिलं आणि लिंक द्यायची राहिली, तर नम्रपणे विनंती करा. त्यात गैर काही नाही. गावच्या नाट्योत्सवाला देणगी दिलीत आणि मंडळाने साइटवर तुमची लिंक लावली, तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण लावायला सांगा. ती सोय २०१९पासून आहे. पैसे देऊन जाहिरात करणं चूक नाही, ती शिफारस म्हणून खपवणं चूक.

आणि कसल्यातरी परक्या साइटने आपोआप तुमची लिंक लावलेली दिसली, तर घाबरू नका. अशा फुटकळ लिंकांकडे गुगल स्वतःच दुर्लक्ष करतं. लिंका नाकारण्याची यादी पाठवायची वेळ फार थोड्यांवर येते. आधी एवढं तपासा की डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, आणि सर्च कन्सोल दोन्ही तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आहेत का. साइट करून देणाऱ्याच्या नावावर असतील, तर याच आठवड्यात बदलून घ्या.