कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी

नमस्कार मंडळी. मागच्या पोट्ट्यांनो जरा समोर सरका, माझ्याकडे माइक आहे पण टेबलावर जे उघडून ठेवलंय ते काही माइकमधून दिसत नाही. हा बुलेट ३५० चा जुना कार्बोरेटर आहे, मिककार्ब कंपनीचा व्हीएम २४, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा डबा. हातात घेऊन बघा, पण रेस दिली की वर उचलली जाते त्या स्लाइडमधून लोंबणारी ती पितळी पिन वाकवू नका.

आता पहिलेच सांगून टाकतो, कारण नंतर कोणी ऐकत नाही. गाडी व्हेरायटी चौकात सिग्नलला बंद पडली, मिसिंग मारून राहिली, ॲव्हरेज पडलं, की आपला माणूस घरी येतो आणि सगळ्यात आधी पेचकस घेऊन कार्बोरेटरचा स्क्रू फिरवतो. काऊन? तर तो बाहेर आहे, हाताला लागतो म्हणून. आणि बिचाऱ्याचा दोष नसतो हो. एअर फिल्टर धुळीने भरलेला असतो, प्लगचा गॅप वाढलेला असतो, टॅपेट कसलेले असतात, नाहीतर चोक अर्धा ओढलेलाच राहिला असतो. आणि सगळ्यात जास्त फसवतो तो कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधला रबर जॉइंट. आपल्या इकडच्या उन्हात तो कडक होतो, मग बारीक चिरा पडतात, तिथून फुकटची हवा आत जाते आणि तुम्ही स्क्रूवर स्क्रू फिरवत बसता. हा तपासायला महागडं काही लागत नाही, गाडी चालू ठेवा आणि साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीने जॉइंटवर मारा, इंजिनचा आवाज बदलला की समजा तिथून हवा ओढते. म्हणजे हे सगळं आधी, कार्बोरेटर शेवटी. एवढा क्रम पाळला तरी अर्ध्या लोकांना माझ्या पुढच्या भाषणाची गरज पडणार नाही, पण चहा यायला वेळ आहे तर बसा.

आत चालतं काय? मधला भाग निमुळता आहे बघा, याला व्हेंच्युरी म्हणतात, व्हेंच्युरी नावाच्या इटालियन माणसावरून. हवा इथून जाताना वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, वर खेचलं जातं. फ्लोटची वाटी आणि फवारा मारणारा जेट ही आयडिया जर्मनीत मायबाखने १८९३ च्या सुमारास आणली, आणि त्यानंतर मूळ गोष्ट फार काही बदलली नाही. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम लागू झाला आणि नव्या गाड्या बहुतेक सगळ्या फ्युएल इंजेक्शनवर गेल्या, तरी रस्त्यावर बघा, अजून किती स्प्लेंडर, पल्सर, बुलेट कार्बोरेटरवरच धावून राहिल्या.

यातलं खरं लक्षात ठेवायचं ते हे की कार्बोरेटरमध्ये एकच सर्किट नाही, पाळीपाळीने काम करणारे तीन-चार आहेत. रेस बंद ते साधारण एक अष्टमांश उघडी असेपर्यंत स्लो जेट आणि मिक्श्चर स्क्रू. तिथून पाव रेसपर्यंत स्लाइडचा खालचा तिरपा काप. पाव ते पाऊण ही पिन, तिला वर खाचा असतात, क्लिप खालच्या खाचेत टाकली की पिन उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. पाऊणच्या पुढे मेन जेट. म्हणजे तुमची गाडी वर्धा रोडवर फुल रेसला मार खात असेल आणि तुम्ही मिक्श्चर स्क्रू फिरवत असाल तर ते कामाचं नाही, त्या स्क्रूची ड्युटी तिथे संपलेली असते. घरी करायचं असेल तर ग्रिपवर पांढरी टेप लावा, पेनाने पाव, अर्धी, पाऊण अशा खुणा करा, मोकळ्या रस्त्यावर जाऊन बघा कोणत्या खुणेवर गाडी अडखळते. मग उघडायचं काय ते आपोआप कळतं.

एक भाऊ विचारून राहिले की स्क्रू आत घेतला की पेट्रोल वाढतं की कमी होतं. हा झगडा प्रत्येक पानठेल्यावर होतो! उत्तर असं की स्क्रू कुठे आहे ते बघा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल, जसा या मिककार्बला आहे, तर तो हवेचा स्क्रू, आत घेतला की हवा कमी म्हणजे मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. इंजिनच्या बाजूला असेल, बऱ्याच सीव्ही टाइपमध्ये, म्हणजे ज्यात स्लाइड इंजिनच्या ओढीने उचलली जाते त्यात असतो, तर तो पेट्रोलचा, तो बाहेर काढला की रिच. दोघंही खरं बोलत असतात, फक्त गाड्या वेगळ्या असतात.

आता करायचं कसं. गाडी आधी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, थंड इंजिनवर केलेली सेटिंग बेकार. मग मोकळ्या जागेत लावा, बंद पार्किंगमध्ये अजिबात नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही आणि माणूस तिथेच झोपतो. समोर टेबल फॅन लावा, कारण एअर कूल्ड इंजिन उभ्या-उभ्या तापतं, मे महिन्यात तर विचारूच नका. स्क्रू काढायच्या आधी हळूच आत घेऊन किती फेऱ्यांत बसतो ते मोजा आणि कागदावर लिहा. हळूच म्हणजे खरोखर हळूच, टोक टेकलं की थांबायचं, आवळलं तर टोक मोडतं किंवा सीट फुगतं आणि मग तो कार्बोरेटर कोणाच्याच कामाचा राहत नाही. तिथून दीड-दोन फेऱ्या बाहेर ही सुरुवात. आयडल स्क्रूने रेस थोडी वर ठेवा, मग मिक्श्चर पाव-पाव फेरी फिरवत जा आणि कान लावा, एका जागी इंजिनचा आवाज सगळ्यात वर चढतो, त्याच्या पुढे गेलं की पुन्हा पडतो. त्या चढलेल्या जागी थांबा, आयडल खाली आणा, परत तेच करा. शेवटी छोट्या गाडीला १३००-१४०० आरपीएमच्या आसपास, बुलेटला त्याच्या बरंच खाली.

आणि चाचणी अशी: एकदम रेस देऊन सोडून द्या. आवाज वरच लटकून हळूहळू उतरला तर मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी, किंवा कुठून हवा ओढते. आवाज आयडलच्याही खाली बुडून मग वर आला तर रिच. सरळ खाली येऊन जागेवर बसला तर हात काढा. यापेक्षा चांगलं मशीन मला माहीत नाही, बाकी प्लगचा रंग नंतर बघाच, काळी काजळी असेल तर रिच, पांढरा पडला असेल तर लीन, कॉफीसारखा असेल तर गाडी खुश.

ताई विचारताहेत की त्यांच्या वडिलांची बुलेट डिसेंबरात गोड चालते आणि नवतप्यात बिघडते, असं काऊन. होणारच. सकाळच्या १० डिग्रीपेक्षा ४५ डिग्रीची हवा साधारण अकरा टक्के पातळ असते, पण जेटचं भोक तेवढंच. म्हणजे उन्हाळ्यात मिश्रण रिच सरकतं. त्यात वाटीतलं पेट्रोल तापतं, गाडी बंद करून दहा मिनिटांनी किक मारली की घेत नाही, मग लोक चोक ओढतात आणि प्लग अजून ओला करतात. रेस थोडी उघडी धरून किक मारा. आता दुसरी बाजू, ई-२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेवढ्याच जेटवर मिश्रण लीन होतं. इंजेक्शनची गाडी सेन्सरने सांभाळून घेते, कार्बोरेटर बिचारा काय करेल. जुन्या टू-स्ट्रोकवाल्यांनी जास्त जपायचं, लीनवर फुल रेस म्हणजे पिस्टन चिकटलाच समजा. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, म्हणून गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटीचा ड्रेन स्क्रू उघडून रिकामी करा. स्लो जेट चोक झाला तर कार्ब क्लीनर आणि हवा, फार तर वायरमधली एक बारीक तांब्याची तार. स्टीलची तार किंवा सुई घातली की भोक मोठं झालं, संपलं. आणि वाटीचे जपानी स्क्रू साध्या पेचकसने उघडू नका, डोकं घासतं, बरोबर बसणारं टोक आणा.

आता बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या कार्बोरेटरची ओढ सारखी करणं, ज्यासाठी निम्मी मंडळी आलीत. हे फक्त एकापेक्षा जास्त कार्बोरेटर असलेल्यांसाठी, येझदीवाल्यांनी तोवर चहा घ्या, तुमच्या गाडीला सायलेन्सर दोन असले तरी सिलिंडर एकच आहे. एस्कॉर्ट्सची राजदूत ३५० घ्या, दोन सिलिंडर, दोन मिकुनी. इथे बैलजोडीसारखं आहे, एक ओढतो आणि दुसरा नुसता सोबत चालतो असं झालं तर गाडी थरथरते आणि ओढणाऱ्याचा जीव जातो. आधी दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलल्या जातात का ते बघायचं. फिल्टर काढा, दोन्ही स्लाइडखाली सारख्या जाडीच्या ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत दांडा सरकवा, दुसऱ्याला रेस हळूहळू द्यायला सांगा. दोन्ही एकाच क्षणी सैल पडले पाहिजेत. नाही पडले तर कार्बोरेटरच्या झाकणावरचा केबलचा ॲडजस्टर फिरवा, आणि रेस पूर्ण बंद असताना केबलला थोडी ढील राहिली पाहिजे, नाहीतर आयडल स्क्रू नुसताच शोभेला.

फोर-स्ट्रोक ट्विन असेल तर व्हॅक्यूमने करता येतं. फिश टँकच्या दुकानात पारदर्शक नळी मिळते, चार-पाच मीटर घ्या, यू आकारात फळीवर बांधा, मधे टू-स्ट्रोक ऑइल भरा, दोन टोकं दोन इनटेकच्या निपलला. नळीत फिश टँकचाच छोटा व्हॉल्व्ह लावून थोडा कसा, नाहीतर तेल नाचत राहतं. तेल ज्या बाजूला चढेल तिकडे ओढ जास्त, म्हणजे तिकडची थ्रॉटल जास्त बंद आहे. दोन्हीकडे लेव्हल सारखी येईपर्यंत दोन कार्बोरेटरच्या मधला स्क्रू फिरवा. फरक खूप असेल तर इंजिन लगेच बंद करा, तेल आत गेलंच तर धूर निघेल, बाकी काही नाही. पारा मात्र कोणी सांगितला तरी वापरू नका, तो विष आहे.

राजदूतवाल्यांनो, एक राहिलं. ज्यांचा ऑइल पंप अजून जागेवर आहे त्यांच्या रेसच्या केबलची तिसरी शाखा त्या पंपाला जाते. स्लाइड जुळवताना वरची केबल हलली की पंपाची खूणही हलते, आणि ती कोणी बघत नाही. कार्बोरेटर झाले की पंपाचं झाकण उघडा, खूण जुळवा, लॉक नट आवळा, मगच गाडी बाहेर काढा.