ग्लेनकोलमकिल: दोरांनी बांधलेली छपरं

(दृश्य: समुद्राकडून दरीत उतरणारा रस्ता, पांढरी घरं. वाऱ्याचा आवाज तसाच ठेवावा.)

आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरची डोनेगल काउंटी. अटलांटिकच्या अगदी तोंडावर वसलेलं गाव, ग्लेनकोलमकिल. संत कोलमकिलची दरी असा त्या नावाचा अर्थ. सहाव्या शतकातले हे संत. त्यांच्या नावाची पायी फेरी दर 9 जूनला निघते.

आता हे छप्पर बघा. आढ्याला टोक नाही, गोलाई आहे. वळचण भिंतीबाहेर जेमतेम डोकावते, कारण बाहेर आलेल्या वळचणीत वारा शिरला की अख्खं पाखं उचललं जातं. कोकणात घर शाकारायचं ते पावसासाठी. इथे पाऊस आहेच, पण पहिली धास्ती वाऱ्याची.

(दृश्य: भिंतीतला दगडी खुंटा, अगदी जवळून.)

भिंत बांधतानाच वळचणीखाली हे खुंटे बसवलेले असतात. दोर खुंट्याला अडकवायचा, छपरावरून पलीकडे टाकायचा आणि समोरच्या खुंट्याला ताणून बांधायचा.

दोरांखालचे थर दिसत नाहीत, पण खरं काम तिथेच आहे. वाशांवर आधी गवताळ मातीचे लांब पट्टे. जमिनीवरून मुळांसकट सोललेले, गुंडाळी करून वर नेलेले. ऊब धरायचं काम त्यांचं. त्यावर ओट किंवा राय या धान्याचा पेंढा, वळचणीकडून आढ्याकडे, प्रत्येक थर खालच्यावर चढवत. पेंढा लांब आणि अखंड हवा. कापणीच्या यंत्रातून चेचून निघालेला लवकर कुजतो. मळणी अर्धवट झाली असेल तर राहिलेल्या दाण्यांसाठी पाखरं छपरच उपसतात.

(दृश्य: दोर वळणारे दोन हात, मग फिरणारा आकडा.)

पेंढ्याच्या या दोराला इथे 'सूगान' म्हणतात. एकजण बसून मूठमूठ पेंढा सोडतो, दुसरा आकडा फिरवत मागे मागे सरकतो. कौशल्य सोडणाऱ्याचं: जास्त सुटला की गाठ, कमी सुटला की दोर तिथेच तुटणार. आता बहुतेक छपरांवर सिसलचा, म्हणजे घायपाताच्या धाग्याचा, तयार दोर असतो. हरकत नाही, तो जास्त टिकतो.

(दृश्य: चूल, धूर.)

चुलीत पीट जळतं, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं कुजून दबलेली झाडपाल्याची माती. वसंतात अरुंद फावड्याने त्याच्या विटा कापतात. ताज्या विटेत दहातले नऊ भाग पाणी. थोडी सुकली की पाच-सहा विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, वारा मधून खेळला पाहिजे. फार लवकर कापली आणि दहिवर गोठलं तर वीट भुसभुशीत होते. चुलीची धग वासे आणि पेंढा आतून कोरडे ठेवते. म्हणून बंद घराचं छप्पर आधी जातं.

(दृश्य: तिन्ही घरं एकत्र.)

ही घरं मात्र जुनी नाहीत. फादर जेम्स मॅकडायर 1951 साली इथे आले, तेव्हा गावाला वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं, पक्का रस्ता, दवाखाना, कारखाना, काहीच नव्हतं. 1953 साली गावकऱ्यांनी स्वतः राबून सभागृह उभं केलं. मग सहकारी संस्था, विणकाम, भाजीपाल्यावरची प्रक्रिया. 1967 साली हे लोकग्राम, म्हणजे जुनं गावजीवन दाखवणारं संग्रहालय: तीन वेगवेगळ्या शतकांतल्या घरांसारखी तीन घरं, गावानेच बांधलेली. अशा राबण्याला आयरिशमध्ये 'मेहल' म्हणतात. आपल्याकडची इर्जिकच की.

सगळे उद्योग टिकले नाहीत, आणि तरुण पोरं परदेशी जातच राहिली. आयरिश भाषा मात्र 1984 पासून इथे मोठ्या माणसांनाही शिकवली जाते.

(दृश्य: शिडी, खुंट्याशी दोर ताणणारा माणूस. निवेदन आवरतं घ्यावं.)

हिवाळी वादळांआधी प्रत्येक दोर हाताने ओढून बघायचा. बोट आत गेलं, तर गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची.