फळीवरचं पाकीट

श्रोतेहो, नमस्कार.

म्हापशाला बोडगेश्वराच्या जत्रेत तुम्ही पाळण्यात बसला असाल. मी आता बसत नाही, खाली उभा राहून नातवाच्या चपला सांभाळतो. पण खाली उभं राहिलं की पाळण्याचा हिशेब दिसतो. निम्म्या खुर्च्या रिकाम्या गेल्या तरी डिझेल जवळपास तेवढंच जळतं. चालवणाऱ्या पोराचा रोज तोच, जागेचं भाडं तेच. संध्याकाळची पहिली तिकिटं या खर्चातच जातात. तो एकदा भरून निघाला की पुढचं जवळजवळ प्रत्येक तिकीट मालकाच्या खिशात. आणि गर्दीच जमली नाही तर खर्च तसाच उभा, गल्ला मोकळा.

थीम पार्कचा धंदा म्हणजे हाच पाळणा, फक्त शेकडो कोटींचा. चांगल्या वर्षी नफा उसळतो, वाईट वर्षी तेवढ्याच वेगाने खाली येतो. समजा, अशा कंपनीचे शेअर तुमच्याकडे आहेत आणि वाईट वर्षातच कोणी बडा दारात येऊन म्हणतो, सगळी कंपनी मला द्या, बाजारभावापेक्षा जास्त पैसे देतो. द्यायचे की नाहीत? आज त्याविषयी बोलतो. अमेरिकेतलं एक उदाहरण मला यासाठी फार आवडतं.

ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी सँडस्की नावाचं गाव आहे. तिथलं सीडर पॉइंट हे पार्क 1870 पासूनचं. हिवाळ्यात सगळं बंद. आपल्याकडे पावसाळ्यात किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, उतरवतात ना, तसं. ते चालवणारी सीडर फेअर कंपनी 1987 मध्ये शेअर बाजारात आली. तिच्या शेअरांना युनिट म्हणत, आणि वर्षातून ठरावीक हप्त्यांनी पैसे हाती येतात म्हणून लोक ते सांभाळून ठेवत. 2006 मध्ये कंपनीने पॅरामाउंटची पार्कं सव्वा अब्ज डॉलरच्या आसपास मोजून घेतली, बहुतेक कर्ज काढून. मग 2008 ची मंदी आली. वाटपाचे पैसे थांबले, आणि मंदीआधी पंचवीस डॉलरच्या वर असलेलं युनिट नऊ डॉलरच्या आसपास आलं.

डिसेंबर 2009 मध्ये अपोलो ही गुंतवणूक कंपनी युनिटमागे 11.50 डॉलर घेऊन आली. आदल्या दिवशीच्या भावापेक्षा पाव पटीहून जास्त! संचालक मंडळाने होकारही दिला. वर्तमानपत्रात असा आकडा वाचला की आपल्यालाही वाटतं, घेऊन टाकावं. पण आदल्या दिवशीचा भाव हे माप कुणी ठरवलं? दुष्काळाच्या वर्षी भाटाला, म्हणजे माडांच्या बागेला, गिऱ्हाईक आलं, तर त्या वर्षीच्या पिकावर किंमत सांगणारा शहाणा की ती ऐकून घेणारा?

तिथल्या युनिटधारकांनी ऐकून घेतलं नाही. एकूण युनिटांपैकी दोन-तृतीयांश मतं अनुकूल पडणं आवश्यक होतं. म्हणजे ज्याने मत दिलंच नाही, त्याचं मत विरोधातच गेल्यासारखं. टेक्सासच्या एका गुंतवणूक कंपनीने भरपूर युनिटं गोळा करून उघड विरोध मांडला. मार्चची सभा एप्रिलवर ढकलली गेली, आणि एप्रिल 2010 मध्ये सभा भरण्याआधीच करार मोडला. मतं जमत नव्हती. पुढे कंपनीने कर्जाची नव्याने मांडणी केली, पार्कांत गर्दी परतली, वाटप सुरू झालं, आणि 2013 मध्ये भाव चाळीस डॉलरच्या पलीकडे होता.

युनिटधारकांच्या नकाराचं कारण पक्कं होतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कंपनी कर्जाने आणि मंदीने वाकली होती. पोरंबाळं पाळण्यात बसायची थांबली नव्हती.

आता हीच गोष्ट पुढे ऐका. फेब्रुवारी 2022 मध्ये याच कंपनीला सीवर्ल्ड या दुसऱ्या पार्क कंपनीने युनिटमागे 63 डॉलर रोख देऊ केले. या वेळी नाही म्हटलं ते संचालक मंडळाने. युनिटधारकांपर्यंत मत द्यायला ते गेलंच नाही. जुलै 2024 मध्ये कंपनी सिक्स फ्लॅग्स या आणखी एका पार्क कंपनीत विलीन झाली, आणि 2025 संपेपर्यंत त्या शेअरचा भाव 63 च्या निम्म्याहूनही खाली होता. म्हणजे 2010 च्या नकाराचे गोडवे गाणाऱ्याने 2022 चा नकारही मोजावा. मी स्वतः त्या 63 डॉलरना हो म्हटलं असतं. अर्थात आज सांगतोय, हे मान्य.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या 2011 च्या नियमांनुसार कुणाचा वाटा 25 टक्क्यांवर गेला, की त्याला उरलेल्या भागधारकांपुढे आणखी किमान 26 टक्क्यांसाठी ओपन ऑफर, म्हणजे शेअर विकत घेण्याचा खुला प्रस्ताव, ठेवावी लागते. ती थेट तुमच्याकडे येते. संचालक मंडळाला मध्ये दार लावून घेता येत नाही. स्वतंत्र संचालकांच्या समितीने मात्र आपलं मत कारणांसह छापायचं असतं. ते बारीक अक्षरांत येतं, पण वाचा. शेअर द्यायला कामकाजाचे दहा दिवस मिळतात. एकदा टेंडर केले, म्हणजे ऑफरमध्ये देऊ केले, की मागे घेता येत नाहीत. आणि शंभर दिले म्हणून शंभर घेतीलच असंही नाही. 26 टक्क्यांहून जास्त आले तर प्रमाणात घेतात, उरलेले तुमच्याकडे परत. किंमत किती असावी यालाही नियम आहेत. त्यातला एक साठ दिवसांच्या बाजारभावाच्या सरासरीचा. पण शेअर दोन वर्षं मरगळून पडला असेल तर साठ दिवसांची सरासरी तरी कशी वर येणार?

गोव्याने हे जवळून पाहिलंय. 2007 मध्ये वेदांताने जपानच्या मित्सुईकडून सेझा गोवा या खाण कंपनीचे 51 टक्के शेअर घेतले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे आणखी वीस टक्क्यांसाठी ओपन ऑफर आली, शेअरमागे दोन हजारांच्या वर. आमचे मामा साखळीचे. त्यांच्याकडे थोडे शेअर होते. पत्राचं जाड पाकीट आलं. मामांनी ते देवाच्या फोटोमागच्या फळीवर ठेवलं आणि आल्यागेल्याला विचारत बसले, देऊं काय? प्रत्येकाचं उत्तर निराळं. तारीख निघून गेली. तेवढ्यात चीनला लोखंडाची भूक लागली, खनिजाचे भाव चढले, शेअरही चढला, आणि मामा बाजारात छाती काढून फिरायला लागले. आपण थांबलो म्हणून कमावलं, असं सांगत. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, आणि हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

आम्हां गोंयकारांचा वाड्यावरच्या मालमत्तेशी संबंधही जरा वेगळा. कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेची, झोण म्हणजे उत्पन्नातला वाटा गावकाराला जन्माने मिळते, ती विकायचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे असेल कदाचित, पण शेअरही झोणीसारखेच धरून ठेवणारी पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. शेअर हा झोण नव्हे. त्याचं गिऱ्हाईक उद्या येईलच असं नाही.

खोपोलीजवळचं इमॅजिका हे थीम पार्क घ्या. आपल्या शाळांच्या सहली जातात तिथे. 2013 मध्ये उघडलं, 2015 मध्ये शेअर दीडशेहून जास्त किमतीला लोकांना विकले. पाळणे उत्तम होते, गर्दीही बरी होती, पण उभारणीचं कर्ज डोईजड झालं. 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी, हो, तेच गाय छाप जर्दावाले, नवे शेअर घेऊन सुमारे दोन-तृतीयांश वाटा आपल्याकडे घेतला. जुन्या भागधारकाचा वाटा त्या दिवशी आपोआप पातळ झाला. दीडशेहून जास्तीला घेतलेला शेअर तेव्हा दोन आकड्यांत होता. तिथे धरून बसणाऱ्यांच्या मदतीला सँडस्कीची गोष्ट आली नसती, कारण कर्ज थोडं थांबून वाट पाहायला तयार नसतं.

म्हणून असं पाकीट आलं तर माझी नजर आधी कर्जावर जाते. घेणारा पैसा स्वतःचा आणतोय, की कंपनीच्याच डोक्यावर नवं कर्ज चढवून तुम्हाला देतोय? पार्कखालची जमीन कंपनीची आहे की भाड्याची? दरवर्षी नवा पाळणा लागतो, तो कुठल्या पैशातून येणार? आणि मी हा शेअर केवढ्याला घेतला होता, हे मी मुद्दाम विसरतो. घेणाऱ्याला त्याच्याशी काही देणंघेणं नसतं. आज माझ्या हातात रोख असती, तर या किमतीला हा शेअर मी घेतला असता का, एवढंच स्वतःला विचारतो. नसता घेतला, तर टेंडर.

मामा गेल्यानंतर चवथीच्या साफसफाईत मामीने ती फळी खाली काढली. पाकीट मागेच होतं, झुरळांनी एक कोपरा कुरतडलेलं. मामीने ते माझ्या हातात दिलं. चिकटवलेलं होतं तसंच होतं. मामांनी ते उघडलंच नव्हतं.

नमस्कार.